रात्री गाडी कुठे उभी असते?

फोनवरची बाई विचारते, रात्री गाडी कुठे उभी असते?
मी म्हणते, अजून गाडीच नाही.
ती म्हणते, तरी पण.
मग मी खिडकीतून बघते,
कोळशाच्या कोठीशेजारची जागा,
तिथे गेथिनची सायकल गंजत पडलीय,
आणि सांगते, घरासमोर. उतारावर.
उतार हा शब्द गिळायला हवा होता.

चालकाचं वय?
सतरा.
ती टाइप करते. माझ्या मुलाचं सतरावं वर्ष
तिच्या बोटांखाली टकटक वाजतं,
मग आकडा येतो.

लाल गाडी, दोन दारांची, मागे पंख लावलेला.
लँपीटरच्या एका पोराकडे त्याने बघून ठेवली होती,
अकराशे पौंडांना.
विमा तीन हजार दोनशे चाळीस.
चार आण्याची कोंबडी म्हणतात ती हीच,
आणि बारा आण्यांचा मसाला
माझ्या टेबलाशी बसून जेवतो, सहा फूट उंच.

सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही.
टोस्टवर लोणी लावत राहिला
टोस्ट फाटेपर्यंत.

मग तीन आठवडे, रोज संध्याकाळी, लॅपटॉप.
शाळेच्या कँटीनमधून आलेली मी, हाताला कांद्याचा वास,
आणि तो, एकेका गाडीचं नाव घालून बघणारा,
एखाद्या मुलीचं नाव घेऊन बघावं तसा.
इंजिन लहान केलं की आकडा उतरायचा.
डबी बसवू द्याल का, होय म्हटलं की आणखी थोडा.
आणि दुसरी चालक म्हणून माझं नाव घातलं
तर धाडकन साडेपाचशेंनी खाली.
एकोणपन्नास वर्षं. अपघात नाही. दंड नाही.
माझ्या बेचव आयुष्याची रोख किंमत
पहिल्यांदाच कुणी केली.

गाडी शेवटी मिळाली टेगिड म्हाताऱ्याकडे.
ते चर्चमधले ऑर्गन जुळवत हिंडायचे, आता नजर गेली.
शिजवलेल्या वाटाण्याचा रंग. काचा हाताने फिरवायच्या.
मागच्या सीटवर मेणाचा आणि जुन्या चामड्याचा वास.
गेथिनने टायर बघितले, बॉनेट उघडलं, बंद केलं,
चेहरा असा की कुणाच्या तरी मयताला आलाय.
"हिला पळता येत नाही," टेगिड म्हणाले,
"पण वळता येतं."

मी मागे बसले. डोंगराचा रस्ता.
चाळिशीला सगळी गाडी थरथरू लागली,
चाळिशीतच ऐंशीची भीती, ऐंशीची मजा,
आणि दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये,
माझा मुलगा हसला.
मोठ्याने. लहानपणी झोका उंच गेला की हसायचा तसा.
नऊशे पन्नास मी तिथेच मोजले, बोनटावर,
वारा नोटा पळवत होता.

विमा, सगळं धरून, बाराशे ऐंशी.

डबी काडेपेटीएवढी. स्टिअरिंगखाली बसते,
न बोलणाऱ्या सासूसारखी सगळं लक्षात ठेवते:
ब्रेक किती जोरात, वळण किती वेगात, वेळ कोणती.
दर आठवड्याला गुण देते.
गेथिनला ब्याण्णव.
मित्र चिडवतात, तो अंड्यांची टोपली नेल्यासारखी चालवतो.

नोव्हेंबरातली एक रात्र. तो झोपला होता.
दूध संपलं नव्हतं.
मी दूध आणायला निघाले.

रस्त्यावर कुणी नाही. काच पूर्ण खाली.
थंडी कानात शिरली, मी ती शिरू दिली.
वर, अजून वर, जिथे फोनला रेंज नसते,
तिथून खाली, एकामागून एक सगळी वळणं.
किती वर्षं झाली, कुठेही न पोचण्यासाठी निघाले नव्हते.

सकाळी तो फोन बघत टेबलाशी आला.
"अकरा सतरा. जोराचा ब्रेक.
गुण एकोणऐंशी."
मी टोस्टवर लोणी लावत होते.
"मेंढी आली मध्ये," मी म्हटलं.

त्याने फोन माझ्यासमोर सरकवला.
नकाशावर लाल ठिपके,
एक नव्हे, सात, डोंगरभर.

"आणि मेंढीच्या आधी, आई?"